घडीचा दणकट चाकू निवडताना

(शेतकरी मेळाव्यात अवजारांच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अवजारांच्या सत्रात नांगर, पेरणीयंत्र, फवारणी पंप यांवर बोलणे होते. चाकूवर सहसा कोणी भाषण करीत नाही. पण आत्ता खिशात चाकू असलेल्यांनी हात वर करावेत असे म्हटले, तर बरेच हात वर होतील. ठिबकची नळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, शेडनेटचा तुकडा काढायचा, काथ्याचा दोर तोडायचा, या कामांसाठी कोणी घरी जाऊन विळा आणत नाही. खिशातला घडीचा चाकूच निघतो. आणि तो आपण घेतो कसा? आठवडी बाजारात, चमक पाहून, दोन मिनिटांत.

मीही तसाच घेतला होता. १९९४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री गोठ्यात धडपड ऐकू आली म्हणून गेलो, तर कालवड दाव्यात पाय अडकून गव्हाणीशी पडलेली, मान मुरगळून दावे आवळलेले, डोळे पांढरे झालेले. दावे नायलॉनचे आणि ओले. खिशातला मोठा चाकू उघडला आणि रेटून कापू लागलो. दोर निम्मा तुटला, तेवढ्यात पात्याचे टोक गव्हाणीच्या लाकडात अडकले, मूठ पुढे गेली आणि पाते माझ्याच बोटांवर मिटले. वडिलांनी विळ्याने उरलेला दोर तोडला. कालवड वाचली. माझ्या उजव्या हाताची तर्जनी मात्र आजही पूर्ण मिटत नाही. (हात वर करून दाखवले.) त्या चाकूचे पाते उत्तम होते, धारही चांगली होती. त्याला फक्त खटका नव्हता.

म्हणून आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. घडीचा चाकू पात्यावरून निवडू नका, सांध्यावरून निवडा. कोयता किंवा विळा म्हणजे मुठीत पक्के बसवलेले लोखंड. घडीचा चाकू मधोमध मोडलेला असतो, आणि तो मोड किती पक्का आहे यावर आपली बोटे अवलंबून असतात.

बाजारात मिळणाऱ्या साध्या चाकूत मागे एक कमान असते. तिच्या दाबावर पाते उघडे राहते. फळ चिरायला तो पुरेसा आहे. परंतु पात्याच्या पाठीवर दाब आला की तो मिटणारच, कारण त्याची रचनाच तशी आहे. फ्रान्सच्या सावोआ या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल या कारागिराने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा असाच साधा चाकू बनवला. तो खूप लोकप्रिय झाला, पण पाते अडवणारी फिरती कडी त्याला बसली ती १९५५ मध्ये. म्हणजे पासष्ट वर्षे तिकडच्या शेतकऱ्यांनीही बिनखटक्याचा चाकू वापरला. ती कडी आजही त्याच्या मोठ्या आकारांवर असते. बोटाने फिरवली की पाते बंद होत नाही, एवढे साधे काम. चिखल गेला तरी धुऊन निघते. मात्र लाकडी मूठ पावसात फुगते आणि पाते उघडेनासे होते, हा त्यातला दोष आहे. कोकणात किंवा मावळात राहणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

याखेरीज दोन प्रकारचे खटके सर्रास मिळतात. एकात मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते. हा मजबूत असतो, पण त्याच्या खाचेत माती, भुसा, उसाचा चिकटा साचला की पट्टी पूर्ण बसत नाही, आणि आपल्याला वाटते की खटका लागला. दुसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. ही पट्टी १ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर जड कामासाठी तो चाकू घेऊ नये, असे माझे मत आहे. यांपैकी कोणताही घ्या, पण खटका लागल्याचा आवाज आला म्हणजे झाले असे समजू नका.

दुकानातच तपासावे. चाकू पूर्ण उघडा. पाते मिटण्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही असा तळहाताने धरा आणि पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवून हळूहळू दाब वाढवा. खटका सरकला किंवा पाते थोडेही खाली आले, तर चाकू परत द्यावा. मग पाते चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवून पाहा. नवीन चाकूतच खुळखुळ असेल तर चार महिन्यांत काय होईल ते सांगायला नको. सांध्याला रिव्हेटऐवजी स्क्रू असल्यास उत्तम, कारण पुढे तो घरी आवळता येतो. चाकू मिटल्यावर पाते मुठीच्या मधोमध बसते का, तेही पाहावे. एका बाजूला घासणारे पाते स्वतःची धार स्वतःच मारते.

आता आकार. मोठा चाकू म्हणजे लांब पात्याचा चाकू, असा समज आहे. पाते जितके लांब, तितका सांध्यावर ताण जास्त. शेतीच्या जड कामाला ९ ते १० सेंटिमीटर पाते भरपूर झाले. मोठी हवी ती मूठ. चारही बोटे पूर्ण बसून थोडी जागा उरावी, म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर. बोटे पुढे घसरू नयेत म्हणून मुठीला पुढच्या बाजूस खाच किंवा उंचवटा असावा. पात्याची पाठ सुमारे ३ मिलिमीटर जाड असावी. त्याहून फार जाड पाते दोर कापत नाही, फाडते. गुळगुळीत धातूची मूठ दिसते छान, पण घामाने किंवा दुधाने ओल्या हातात ती साबणासारखी निसटते. खरबरीत नायलॉनची मूठ बरी. रंग नारिंगी किंवा पिवळा मिळाला तर तोच घ्या. काळ्या मुठीचे किती चाकू उसाच्या पाचटात गेले, त्याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा! आणि तो एका हाताने उघडता आला पाहिजे. दुसऱ्या हातात जनावराचा कासरा असतो.

पोलादाविषयी थोडे. नुसते ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलेले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. ताटवाटीही स्टेनलेसची असते. जातीचा क्रमांक विचारा. ‘४४०’ एवढेच लिहिले असेल तर पुढचे अक्षर कोणते ते पाहा. ४४०सी मध्ये कार्बन सुमारे १ टक्का असतो, ४४०ए मध्ये त्याहून बराच कमी. ‘४२०’ जातीचे पाते मऊ असते, गंज कमी धरते, पण धार लवकर जाते. साधे कार्बन पोलाद धार छान घेते, मात्र लिंबू-कैरीच्या रसाने काळे पडते आणि ओले ठेवले तर एका रात्रीत गंजते. दणकट कामाच्या चाकूला ५६ ते ५८ रॉकवेल कठीणपणा योग्य. त्याहून कठीण पाते धार टिकवते, पण खिळा किंवा दगड लागला की तुकडा उडण्याची भीती वाढते. आपले लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून कोयते करतात ते याचसाठी. त्या पोलादात चिवटपणा असतो.

धार बारीक दगडावर आरशासारखी करण्याची हौस असते. दोर कापणाऱ्या चाकूला मध्यम भरड दगडाची धार अधिक उपयोगी पडते, कारण तिचे सूक्ष्म दात नायलॉनला पकडतात. अडीच सेंटिमीटर रुंदीचे पाते दगडावर धरताना पाठ ९ ते १० मिलिमीटर उचललेली ठेवा, म्हणजे जड कामाचा कोन मिळतो. मुद्दाम दातेरी केलेले पाते दोर झटकन तोडते, पण त्याला घरी धार लावता येत नाही, म्हणून मी ते सुचवत नाही. गावात येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर चाकू देताना समोर उभे राहा. धारेची कड निळी झाली, तर पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकत नाही.

घडीच्या चाकूकडून काय करून घेऊ नये, हेही सांगतो. त्याने डबा उचकटू नये, फांदीवर घाव घालू नयेत, पाठीवर दगडाने ठोकून लाकूड फोडू नये. टोक तुटते किंवा सांधा ढिला होतो, आणि ढिला सांधा पुढे कधीतरी दगा देतो. तोडायला कोयता, छाटायला सिकेटर. कलमाला याच चाकूचा वापर नको. त्याच्या सांध्यात माती आणि झाडाचा रस साचलेला असतो आणि तो धुऊनही पूर्ण निघत नाही. डाळिंबाचा तेल्या रोग छाटणीच्या अवजारांतूनही पसरतो, हे आपण जाणताच. आणखी एक सवय मोडा. कीटकनाशकाची पिशवी ज्या चाकूने कापली, त्याच चाकूने दुपारी कांदा चिरू नका. दोन चाकू ठेवा, मुठी वेगळ्या रंगाच्या.

जनावर फासात अडकले असेल तर दोर मानेजवळ नव्हे, खुंट्याच्या बाजूला कापा. पात्याची पाठ जनावराकडे आणि धार बाहेर ठेवा. रेटू नका, आपल्या अंगापासून बाजूला ओढत कापा. मी नेमके याच्या उलट केले होते.

आणि लागलेच, तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून हात उंच धरा. हळद, चुना, डिझेल काही लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी दवाखान्यात विचारा. डॉक्टरांना बोट वाकवून दाखवा. वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर त्याच दिवशी सांगा, कारण आत कंडरा किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो आणि तो वेळेत जोडावा लागतो. मी टाके घालून घरी आलो आणि बोट वाकत नाही हे आठ दिवस अंगावर काढले. ती चूक माझीच. बोट तुटून वेगळे झाले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ बोटाला थेट लागू देऊ नका.

कायद्याविषयी नेहमी विचारणा होते. शस्त्र कायदा, १९५९ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि शेतीसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. आपला चाकू त्या मापाच्या आतच राहतो. तरीही सण, निवडणूक किंवा बंदोबस्ताच्या काळात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असतो. तेव्हा तालुक्याला जाताना चाकू घरी ठेवलेला बरा. बटण दाबताच आपोआप उघडणारा सिनेमातला चाकू तर घेऊच नका. तो खिशातही उघडतो.

काम झाले की सांधा उघडून पाण्याने धुवा, कोरडा करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खाण्याचे तेल काही दिवसांनी चिकट होऊन उलट धूळ धरते.

समोरच्या टेबलावर चार चाकू ठेवले आहेत. त्यांतल्या एकाचा खटका मुद्दाम खराब ठेवला आहे. कोणता, ते मी सांगितले त्या पद्धतीने शोधा. बोटे मात्र पात्याच्या वाटेत ठेवू नका.