नाणेघाटाचे अंक

जुन्नरजवळ, कोंकणांतून देशावर येणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशीं एक लेणें आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख त्याच्या भिंतींवर कोरला आहे. त्यांत यज्ञांतील दक्षिणेचा हिशेब आहे: गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणीं. लेख पुष्कळ झिजला, तरी कितीएक अंक अद्यापि वाचतां येतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं त्यांचा उलगडा प्रसिद्ध केला.

त्यांतील एक आंकडा २४,४०० कार्षापणांचा. आजचा शाळकरी मुलगा तो पांच अंकांनीं लिहील आणि शेवटीं दोन शून्यें मांडील. कोरक्यानें तसें केलेलें नाहीं. त्याच्या पद्धतींत शून्य नव्हतें आणि स्थानावरून किंमत ठरविण्याची रीतही नव्हती. दहा, वीस, तीस यांस निरनिराळीं चिन्हें. शंभरास एक, हजारास एक. हजारास वीस जोडले कीं वीस हजार, चार जोडले कीं चार हजार, आणि शंभरास चार जोडले कीं चारशें. तीन जोडचिन्हांत सारी रक्कम बसते.

ही लिपि संगणकावर आणतांना अडचण आकृतीची नव्हती. आकृति कोणीही काढील. संगणकास प्रत्येक चिन्हामागें एक ठराविक क्रमांक लागतो, आणि तो कशाकशास द्यावयाचा हें आधीं ठरवावें लागतें. स्टेफान बाउम्स व अँड्र्यू ग्लास या अभ्यासकांच्या प्रस्तावावरून २०१० सालीं युनिकोडच्या सहाव्या आवृत्तींत ब्राह्मीस स्थान मिळालें. तेथें जुन्या पद्धतीचीं वीस संख्याचिन्हें निराळीं ठेवलीं आणि शून्यासह दहा स्थानिक अंक निराळे. हा विवेक मोलाचा. एरवीं नागनिकेच्या हिशेबांत तिच्या कोरक्यास ठाऊक नसलेलें शून्य घुसलें असतें! तरीही एक पेंच उरला. हजारापुढें वीस नुसते सुटे लिहिले, तर वाचणारा १,०२० समजेल, वीस हजार नव्हे. म्हणून २०१४ च्या सातव्या आवृत्तींत, स्वतः न दिसतां दोन चिन्हें सांधणारें एक संख्यायोजक चिन्ह आलें.

आतां धाराशिव जिल्ह्यांतील बेंबळीहून कोणी तो नाणेघाटाचा आंकडा पुण्याच्या स्नेह्यास फोनवरून लिहून पाठविला, तर नऊ क्रमांक जातात: सहा चिन्हांचे, तीन योजकांचे. तिकडच्या यंत्रांत हीं जोडचिन्हें जाणणारा ब्राह्मी टंक असेल, तर तीन आकृति उमटतात; ब्राह्मी टंकच नसेल, तर बहुधा रिकाम्या चौकटी. क्रमांक मात्र बिनचूक पोहोंचलेले असतात.