चाकांवरचे घर आणि खरकटे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अमेरिकेहून परतल्यापासून आपल्या चिटणीसबाईंनी माझी पाठ सोडलेली नाही. "प्रवासवर्णन सांगा" हा त्यांचा आग्रह. परंतु उंच इमारतींची आणि धबधब्यांची वर्णने आपण याच सभागृहात पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी आज केवळ तीन रात्रींची हकीकत सांगणार आहे, आणि त्यातही मुख्य आहे ती खरकट्या पाण्याची. हसू नका, पुढे कळेल.

माझा मुलगा कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरी असतो. गेल्या ऑक्टोबरात त्याने एक आर. व्ही. भाड्याने घेतली. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. आपल्या एस. टी.हून आखूड अशी मोटार, परंतु आत बिछाने, गॅसची शेगडी, बेसिन, न्हाणी, सारे काही. पोटात पाण्याच्या टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी कशाची ते सांगायला नको. मला तर लहानपणची भातुकलीच आठवली. आमचे हे म्हणाले, "संसार सोडून चार दिवस बाहेर पडावे म्हटले, तर संसारच मागे चाके लावून आला!"

डेन्व्हरहून मोॲब गाव साडेपाचशे किलोमीटरांवर आहे. वाटेत अकरा हजार फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा लागतो. तो चढ संपेपर्यंत कपाटातली भांडी अशी खणखणत होती, की शेवटी मी उठून त्यांच्यामध्ये फडकी कोंबली. पुढे युटा राज्य लागले, झाडे विरळ झाली आणि जमीन गेरूसारखी लाल दिसू लागली.

मोॲबजवळ आर्चेस नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हणजे फुलझाडे नव्हेत. उघडे लाल खडक, आणि त्यांत दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी. आत अठरा मैलांवर, खडकांच्या कुशीत, गाड्या लावून मुक्काम करण्याची जागा आहे. नाव 'डेव्हिल्स गार्डन', म्हणजे सैतानाची बाग. तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, परंतु गाडीला विजेची जोडणी नाही, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करण्याची सोय नाही. ही शेवटली गोष्ट मुलाने मला सांगितली होती. मी ऐकली होती. मनावर घेतली नव्हती.

पहिल्या रात्री मी पिठले-भात केला आणि घरच्याप्रमाणे नळ सोडून भांडी घासली. सकाळी पोह्यांची भांडी, दुपारी आणखी. संध्याकाळी नात ओरडली, "आजी, बाथरूममध्ये पाणी आलंय!" पाहते तो न्हाणीच्या जाळीतून तेलकट, हळदीचे पिवळे पाणी वर चढत होते. सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली होती, आणि गाडीत सर्वांत खालचे भोक न्हाणीचे.

सून एवढेच म्हणाली, "आई, मी कालच म्हणणार होते, नळ जरा बारीक ठेवा."

भगिनींनो, तीन महिने मी तिच्या घरी होते. तिचे ते सारे मोजूनमापून, यंत्रात भांडी, डब्यांवर तारखा. मला सारखे वाटे, की चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला ही शिकवते आहे. तेव्हा जी गप्प बसले, ते त्या रात्री उफाळले. मी बेसिनमधले उरलेसुरले पाणी पातेल्यात उपसले आणि तरातरा बाहेर निघाले, समोरच्या जुनिपरच्या झाडाला घालायला. तिने दारात हात धरला. "आई, इथे जमिनीवर टाकायचं नाही." मी म्हटले, "झाडाला पाणी घातल्याचं पाप तुमच्या देशात लागत असेल, आमच्या नाही." हात सोडवून पायवाटेच्या बाहेर मी तीन पावले टाकली.

पायाखाली काहीतरी कुरकुरले, पापड मोडावा तसे. नात रडवेली झाली. "आजी, ती जिवंत माती आहे!"

आणि ती खरेच जिवंत असते. त्या वाळूवर काळपट, खडबडीत खपली दिसते. तिच्यात सूक्ष्म जीव, शेवाळे, दगडफूल यांचे धागे वाळूचा कण न् कण बांधून ठेवतात. त्यामुळे वाऱ्याने माती उडत नाही, आलेला पाऊस मुरतो आणि झाडांना नत्र मिळते. एकदा मोडली की ती पुन्हा जमायला वर्षे, कधी कित्येक दशके लागतात. मी पातेले घेऊन परत फिरले. त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही. बाहेर थंडी मी म्हणत होती, आणि तारे इतके होते की मला ते पाहण्याचीसुद्धा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'लँडस्केप आर्च' पाहायला गेलो. ३०६ फूट रुंदीची ती कमान एके ठिकाणी जेमतेम सहा फूट जाड आहे. १९९१ साली तिच्या पोटातून साठ फुटांची शिळा निखळली, आणि आता तिच्याखालून जाणे बंद आहे. मुलाने तिथे बसून सांगितले, की सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी या जागी समुद्र होता. तो आटून मिठाचे जाड थर राहिले. वर वाळूचे खडक साचले. त्या ओझ्याने खालचे मीठ सरकले, फुगले, आणि वरच्या खडकांना समांतर भेगा गेल्या. मग पाऊस त्या भेगांत शिरला, थंडीत गोठून फुगला, कण सोडवत राहिला. खडकांच्या उभ्या भिंती झाल्या आणि भिंतींना भोके पडली. तिथे वर्षाला पाऊस जेमतेम आठ ते दहा इंच. आमच्या माणदेशात याहून जास्त पडतो! एवढ्याशा पाण्याने हे सारे घडवले.

माणदेश म्हटल्यावर मला आई आठवली. १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरायचे. आई राखेने भांडी कोरडी घाशी, एका पातेल्यात खळबळून काढी, आणि शेवटी एका तांब्याच्या धारेखाली सगळी धरी. ते पाणीही म्हशीपुढे जाई. घरात नळ आला आणि मी ते सगळे विसरले. सून मात्र न पाहता तेच करीत होती.

परतताना वाटेतच मी तिला हे सांगितले. माफी मागितली असे नाही. तेवढे मला जमले नाही. दुपारी मुलाने गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी टाकी रिकामी करून आणली. रात्री मी ताटे आधी कागदाने पुसून काढली, दोन पातेली मांडली आणि आईच्या रीतीने एका तांब्यात सगळी भांडी काढली. ती पुसायला उभी होती. तांब्यात उरलेले बोटभर पाणी तिने मला दाखवले आणि आम्ही दोघी हसलो.

वाळूतली माझी तीन पावले मात्र अजून तिथे असतील. नातीने त्यांचा फोटो काढू म्हटले, तर सुनेने तिला आत बोलावून घेतले.