पाहुणे गेल्यावर काय उरतं?



आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे : आंतरराष्ट्रीय सहकार्यातून विकसनशील देशांत आरोग्य-संशोधनाची क्षमता उभारणे. मी साथरोगशास्त्रात काम करते, त्यामुळे हे शब्द माझ्या रोजच्या कागदपत्रांत असतात. अनुदानाच्या प्रस्तावांत 'क्षमता-उभारणी' असा एक परिच्छेद हमखास असतो. तो बहुधा शेवटाकडे येतो आणि त्यात दोन कार्यशाळा आणि एका यंत्राची तरतूद असते. माझं म्हणणं असं, की हा परिच्छेद सर्वांत आधी यायला हवा. पाहुणे संशोधक परत गेल्यावर तिथे काय उरतं, यावरच सहकार्याचं मोल ठरवावं. तीन ठिकाणांची उदाहरणं देते.

पहिलं लायबेरियाचं. १९८२ मध्ये युरोपातल्या एका विषाणुशास्त्राच्या नियतकालिकात जर्मन संशोधकांचा लेख आला. लायबेरियातल्या लोकांच्या रक्तात त्यांना इबोलाविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या होत्या. या देशाची गणना इबोलाच्या प्रदेशात करावी लागेल, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे इशारा बत्तीस वर्षं आधी मिळाला होता! पण तो लायबेरियात पोचलाच नाही. २०१४ मध्ये साथ आली तेव्हा हा आजार आपल्याकडे असू शकतो, याची तिथल्या डॉक्टरांना कल्पना नव्हती. पुढे २०१५ मध्ये लायबेरियाच्या आरोग्य खात्यातल्या डॉ. बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ही हकीकत मांडली. असल्या लेखांत एकही लायबेरियन सहलेखक नव्हता. शिवाय असा एक लेख विकत घेऊन वाचायचा तर ४५ डॉलर, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. पश्चिम आफ्रिकेतल्या तीन देशांत त्या साथीने ११,३०० हून अधिक माणसं गेली. इशारा पोचला असता तर सगळे वाचले असते, असा दावा कोणी करू नये. पण ज्ञान तयार झालं आणि ज्यांच्या रक्तातून ते आलं त्यांच्यापर्यंतच गेलं नाही, हे खरं आहे.

दुसरं उदाहरण त्याच साथीतलं, नायजेरियाचं. जुलै २०१४ मध्ये लायबेरियातून विमानाने आलेला एक रुग्ण लागोसमध्ये दाखल झाला. दीड-दोन कोटी वस्तीचं शहर! नायजेरियातल्या रिडीमर्स विद्यापीठात डॉ. ख्रिश्चन हापी यांची प्रयोगशाळा होती. हापी मूळचे कॅमेरूनचे, हार्वर्डमध्ये काम केलेले. लासा तापावर अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर त्यांचं वर्षानुवर्षं काम चाललं होतं. त्यातून तपासणीची पद्धत, साहित्य आणि मुख्य म्हणजे हात बसलेली माणसं तिथे तयार होती. लागोसच्या विद्यापीठ रुग्णालयाची आणि रिडीमर्स विद्यापीठाची अशा दोन प्रयोगशाळांनी निदान देशातच पक्कं केलं. मग पोलिओच्या मोहिमेत तयार झालेली यंत्रणा संपर्कातल्या माणसांच्या शोधाला लागली. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त झाल्याचं जाहीर केलं. लासासाठी आणि पोलिओसाठी उभी राहिलेली माणसं इबोलाच्या वेळी उपयोगी पडली. क्षमता म्हणतात ती ही.

तिसरं ठिकाण आपल्या ओळखीचं, सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. १९८७ मध्ये तिथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांच्यासारखे लोक त्यामागे होते. खेड्यातली माणसं दुखणं अंगावर काढतात, दवाखान्यात येत नाहीत. म्हणून कर्मचारीच गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणं समजावून सांगत आणि रुग्ण शोधत. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळला. पुढे असंही दिसलं, की या नुसत्या बोलण्या-सांगण्यामुळे बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर तपासायला येऊ लागल्या.

हा पाया बारा वर्षांचा झाल्यावर, ऑक्टोबर १९९९ मध्ये, लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबरचा मोठा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुरू झाला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. आज जागतिक आरोग्य संघटना प्राथमिक तपासणीसाठी याच चाचणीची शिफारस करते. मृत्यू मोजायला मुळात ते नोंदणारी व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था फ्रान्समधून येत नाही!

या अभ्यासावर एक गंभीर टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या तीस हजारांहून अधिक स्त्रियांना तपासणीविना का ठेवलं? त्यांना आजाराची आणि तपासणीच्या सोयींची माहिती दिली होती, पण नेहमीच्या व्यवस्थेत तपासणी जवळजवळ नव्हतीच. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपण हा प्रश्न झटकून टाकू नये. माझ्या मते त्याचं उत्तरही क्षमतेतच आहे. स्थानिक नैतिकता समिती इतकी जाणकार आणि स्वतंत्र हवी, की कितीही मोठा निधी समोर असला तरी तिला 'हे असं नको' म्हणता यावं. नाही म्हणता येणं हीसुद्धा संशोधनाची क्षमताच आहे.

आता पैशाबद्दल थोडं. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना संशोधनाच्या अनुदानावर ओव्हरहेड म्हणून ५० टक्क्यांच्या आसपास दर मिळत आला आहे. राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, परदेशी संस्थेला मात्र ८ टक्के देते. हिशेबनीस, वीज, फ्रीजर, कार्यालय हे सगळं त्या ओव्हरहेडमधून चालतं. म्हणजे नाव भागीदारीचं, पण एकाचं घर पक्कं होतं आणि दुसरा मांडवात बसतो. मांडव कधीही उठतो. मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना उप-अनुदानं देण्याची जुनी पद्धत थांबवत असल्याचं जाहीर केलं. १ जुलै २०२५ ला यूएसएआयडीचं परदेशी मदतीचं काम बंद झालं. अनेक देशांत चालू अभ्यास मध्येच थांबले. तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला : मागे काय उरलं?

आपल्यासारख्यांनी काय करावं? मायदेशीच्या एखाद्या रुग्णालयाला यंत्र भेट द्यायचं, हार घालून फोटो काढायचा, ही आपली आवडती पद्धत. रसायनं आणि देखभाल यांची तरतूद नसेल तर ते यंत्र धूळ खातं. त्याऐवजी तेवढ्याच पैशात एका नोंदणी कर्मचाऱ्याचा काही वर्षांचा पगार देता येईल. आपल्यात संख्याशास्त्रज्ञ आहेत, सॉफ्टवेअरवाले आहेत, हिशेब तपासणारे आहेत. एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरला डेटा तपासायला, लेख लिहायला सलग पाच वर्षं मदत करणं हे एका भेटीतल्या व्याख्यानापेक्षा मोलाचं आहे. मात्र लेखावर पहिलं नाव त्याचं किंवा तिचं असू द्या.

आणि कुठल्याही सहकार्याला वेळ, पैसा किंवा नाव देण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रश्न कोणी ठरवला? डेटा कुठे राहणार, आणि तो उलगडण्याचं कौशल्य तिथे कोणाकडे आहे? निष्कर्ष तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत कोण सांगणार? अनुदान संपल्यावर पगार कोण देणार? चौथ्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसतं. ते मिळेपर्यंत विचारत राहावं, एवढीच माझी विनंती आहे.