जावेचा पंप वापरावा का?

बारामतीच्या एमआयडीसीत कामावर परतणाऱ्या, इंदापुरात माहेरी बाळंत झालेल्या मैत्रिणींनो, जावेचा जुना ब्रेस्ट पंप मागून आणू नका. बाटली उकळता येते, मोटार नाही. घरगुती पंपात दुधाचे थेंब, ओलावा आत जाऊ शकतो. तिथे बुरशी धरते, जंतू वाढतात. नवी नळी लावली तरी हा धोका उरतोच. रुग्णालयातले अनेकींसाठी बनवलेले पंप वेगळे. त्यांत दूध मोटारीपर्यंत जात नाही, पण प्रत्येकीचं किट स्वतंत्रच हवं.

पंप परवडत नाही म्हणून मन लहान करू नका. साबणाने हात धुऊन हातानेही दूध काढता येतं; आशाताईंना, नर्सताईंना विचारा. काढलेलं दूध गार खोलीत 4 तास टिकतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र लगेच फ्रीजमध्ये ठेवा.