मैदान परत मिळणार का?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेतले कारकून. भाषणाची सवय नाही, हिशेबाची आहे. म्हणून हिशेबच मांडतो.

आपल्या भागातील एका शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधायला घेतली, याचा आम्हाला आनंदच आहे. गळक्या छपराखाली मुलांना बसवा, असे कोण म्हणेल? पण पाडकाम सुरू झाल्यापासून मैदानावर विटा, सळया, रेतीचे ढीग आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. मुलगे गल्लीत स्कूटर चुकवत क्रिकेट खेळतात. मुलींचे तसे होत नाही. खो-खोच्या सरावाला लांबचे मैदान, तेही दिवेलागणीनंतर, मिळू लागले. तेव्हा आधी धाकट्या मुली यायच्या बंद झाल्या, मग मोठ्या. काम दोन वर्षे चालेल म्हणतात. आठवीतली मुलगी तोवर दहावीत जाईल आणि क्लासला लागेल. तिच्यापुरते मैदान तात्पुरते गेलेले नाही, कायमचे गेले.

आणि हे कुठे, तर बडोद्यात! इथल्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम छापून सामने भरवले. इथेच जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. मराठीतला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश इथूनच निघाला. (ही उजळणी आपण दर कोजागिरीला दूध पिता पिता करतोच, म्हणून लांबवत नाही.)

आता मापे पाहा. खो-खोला २७ बाय १६ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर जागा लागते. पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १०, म्हणजे १३०. महिलांच्या कबड्डीला १२ बाय ८, म्हणजे अवघी ९६. मल्लखांबाला तर एक खांब आणि भोवती थोडी मऊ माती पुरते. याचा अर्थ, खो-खोचे मैदान मिळेपर्यंत मुलींची कबड्डी एखाद्या वाडीच्या मोकळ्या चौकात आजही सुरू होऊ शकते. लंगडीला तेवढेही नको. शहरातल्या आखाड्यांनी सकाळचा एक तास या शाळेच्या मुलांना दिला, तर मल्लखांब शिकवायला माणसे आपल्यातच आहेत.

दुसरी गोष्ट, शेजारच्या शाळांची मैदाने. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी दिवसभर त्यांच्या फाटकाला कुलूप असते. आपले कितीतरी सभासद अशा संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांची नावे घेत नाही, त्यांनी आपणहून समजावे. "कोणाला लागले तर जबाबदार कोण?" हा प्रश्न ते विचारणार, आणि तो रास्तही आहे. त्यासाठी सोबत एक शिक्षक, मुलांची हजेरीवही, पालकांचे संमतिपत्र आणि प्रथमोपचाराची पेटी एवढी व्यवस्था आपण करू. वीज-पाण्याचे काही भाडे द्यावे लागले तर मंडळाने द्यावे. गणेशोत्सवाच्या मांडवावर आपण किती खर्च करतो ते खजिनदारांना ठाऊक आहे, आम्ही बोलत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. इमारत पुरी झाल्यावर मैदान परत मिळेल का? नव्या इमारतीत खोल्या वाढतात, मग शिक्षकांच्या गाड्या लावायला जागा हवी, मग फरसबंदी. एकदा फरशी बसली की तिथे पुन्हा माती कोणी टाकत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. शाळेला काय काय हवे याची यादी त्याच्या अनुसूचीत आहे आणि तीत खेळाचे मैदान स्पष्ट लिहिलेले आहे. तेव्हा हे कोणाच्या मेहेरबानीचे काम नाही. मंजूर नकाशात मैदानासाठी किती चौरस मीटर सोडले आहेत, हे लेखी मागावे. बांधकामाचे सामान एका बाजूला, पत्र्याच्या आडोशाआड ठेवून निम्मे मैदान आजच मोकळे करता येते का, हेही विचारावे. मते मागायला जे दारात येतील, पक्ष कोणताही असो, त्यांना चहा जरूर द्यावा आणि नकाशाबद्दल विचारावे. आमच्या अनुभवात तोंडी आश्वासनाचा खाते उघडायला उपयोग होत नाही, सही लागते.

अर्जाचा मसुदा गुजरातीत आणि मराठीत तयार आहे. दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. सही करताना वॉर्ड आणि पत्ता पूर्ण लिहावा. अपुऱ्या पत्त्याच्या सह्या धरत नाहीत. येत्या सोमवारी आम्ही चौघे तो महापालिकेत देऊन पोहोच घेणार आहोत. ज्यांना सकाळी अकराला येणे जमेल त्यांनी आज सांगावे.