वाक्याचा कर्ता कोण?

'मला आंबा आवडतो' एवढें वाक्य देऊन मुलाला त्याचें व्याकरण चालविण्यास सांगावें, आणि त्यावरून घरांत वाद व्हावा, हें पुष्कळांच्या परिचयाचें आहे. मूल म्हणतें, आवड माझी, म्हणून कर्ता मी. वडील म्हणतात, क्रियापद आंब्यामागें जातें. आंबे अनेक झाले कीं 'आवडतात' आणि आंब्याच्या जागीं चिंच आली कीं 'आवडते'. तेव्हां कर्ता आंबा. मुलाचें उत्तर चूक ठरतें. परंतु तसा निकाल देण्यापूर्वीं 'कर्ता' या एका शब्दावर किती कामांचा भार पडला आहे, हें पाहणें अवश्य आहे.

ज्याविषयीं बोलावयाचें तें उद्देश्य आणि त्याविषयीं जें सांगावयाचें तें विधेय, ही वाक्याची पहिली वांटणी. कर्ता, कर्म हीं नांवें निराळ्या दृष्टीनें दिलेलीं आहेत. नामाचें क्रियेशीं जें नातें त्यास कारक म्हणतात, आणि नामाला होणारा जो विकार तें नातें दाखवितो ती विभक्ति. पाणिनीनें या दोन गोष्टी कटाक्षानें वेगळ्या ठेविल्या. त्याच्या मतें क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र तो कर्ता. त्या व्याख्येंत विभक्तीचा उल्लेखहि नाहीं. षष्ठीला तर कारकांत स्थानच नाहीं, कारण 'रामाचा भाऊ आला' यांत रामाचा संबंध भावाशीं आहे, येण्याशीं नाहीं.

मराठींत हें वेगळेपण पदोपदीं दिसतें. 'मुलगा आंबा खातो', 'मुलगी आंबा खाते', येथें क्रियापद खाणाऱ्याप्रमाणें बदलतें. हा कर्तरि प्रयोग. तीच क्रिया भूतकाळांत गेली कीं 'मुलानें आंबा खाल्ला', 'मुलीनें आंबा खाल्ला'. खाणारा बदलला तरी क्रियापद हालत नाहीं, पण आंब्याची चिंच झाली कीं लगेच 'खाल्ली' होतें, हा कर्मणि. 'शिपायानें चोराला पकडलें' यांत तें दोघांचेंहि ऐकत नाहीं, नपुंसकलिंगी एकवचनांत तटस्थ उभें राहतें, हा भावे. इंग्रजीच्या सहवासानें कर्मणि म्हणजे 'पॅसिव्ह' असा जो समज पसरला आहे, तो मात्र येथें टिकत नाहीं. 'मुलानें आंबा खाल्ला' यांत मुलगा मुळींच मागें पडत नाहीं. झालेली गोष्ट सांगण्याची मराठीची ती सरळ रीत आहे. कर्त्याला मागें सारावयाचें असेल तर 'चोर पकडला गेला' अशी निराळी रचना भाषेपाशीं आहे.

दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालचें आणि मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचें. प्रयोगांचा विचार करतांना व्याकरणकारांना सर्वांत कोड्यांत टाकणारीं वाक्यें घरांतलींच होतीं. 'तूं आंबा खाल्लास', 'तूं चिंच खाल्लीस' हीं पाहावीं: मधला स्वर कर्माचा, शेवटचा 'स' कर्त्याचा! एकाच क्रियापदावर दोन धनी. यालाच संकर-प्रयोग असें नांव आहे. 'मीं आंबा खाल्ला' यांतील तृतीया तर कानाला कळतच नाहीं. जुन्या वळणाच्या लेखनांत ती केवळ अनुस्वारानें दाखवीत. १९६२ च्या लेखननियमांनीं तो अनुस्वार गेला, तरी क्रियापद साक्ष देण्यास उभें आहेच, कारण बाईहि 'मीं आंबा खाल्ला' असेंच म्हणते.

आतां आवडण्याकडे वळावें. कर्ता ओळखण्याच्या दुसऱ्या दोन खुणा आहेत; श्रोत्यांनीं त्या आपल्या बोलण्यांत ताडून पाहाव्या. 'रामानें गोविंदाला आपल्या घरीं नेलें' म्हटलें कीं घर रामाचें. 'आपला' हा शब्द कर्त्याकडे वळतो. मग 'रामाला आपलें घर आवडतें' यांत काय होतें? प्रथमेंत घर आहे, राम चतुर्थींत आहे, तरी 'आपलें' रामाकडेच जातें. दुसरी खूण 'ऊन'ची. 'पत्र वाचून गोविंदा उठला', यांत वाचणारा आणि उठणारा एकच. 'पत्र वाचून गोविंदाला आनंद झाला', येथें क्रियापद आनंदाप्रमाणें चालतें. पण पत्र कांहीं आनंदानें वाचलेलें नसतें, गोविंदानें वाचलेलें असतें. अशा पदाला आधुनिक भाषाशास्त्रांत चतुर्थ्यन्त कर्ता म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

तेव्हां 'क्रियापद कोणाप्रमाणें चालतें?' असें विचारलें तर आंबा हेंच उत्तर बरोबर. पण प्रश्न नुसता 'कर्ता कोण?' असा असेल, तर मुलाचे गुण कापणें न्यायाचें नाहीं. आंब्याच्या बाजूनें बोलणाऱ्या वडिलांनीं 'आजोबांना आतां चालवत नाहीं' हें वाक्य घ्यावें. त्यांत प्रथमान्त पद एकहि सांपडत नाहीं, आणि चालणारे तर आजोबाच.