बंद दारापुढचा मोत्या



मी साहित्यिक नव्हे. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश मांडीवर घेऊन. अशा माणसाला आपण मुलांच्या कादंबरीवर बोलायला बोलावलेत. तेव्हा वाचलेली एक गोष्ट आणि जगलेली एक गोष्ट, अशा दोन सांगतो.

वाचलेली गोष्ट म्हणजे १९४० सालची 'लॅसी कम-होम' ही कादंबरी. तिचा लेखक एरिक नाइट हा यॉर्कशायरचा. लहान वयातच तो गिरणीत कामाला लागला होता. लॅसी ही कुत्री रोज चार वाजता शाळेच्या फाटकाशी येऊन ज्यो या मुलाची वाट पाहते. एके दिवशी ती येत नाही, कारण बापाने तिला ड्यूकला विकलेले असते. ड्यूक तिला स्कॉटलंडला नेतो. तेथून शेकडो मैल तुडवीत, रखडत, ती त्याच फाटकाशी पोचते. येथे मुले रडतात. मीही रडलो. पण मग पाने मागे उलटून पाहिली. बापाने कुत्री विकली का? तर कोळशाची खाण बंद पडली होती. सारे साहस त्या एका गोष्टीतून निघाले.

आता जगलेली गोष्ट. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या घराने भिवंडीकडच्या एका वीटभट्टीचा बयाणा घेतला. दिवाळी झाली, भात झोडून झाले, आणि ट्रक आला. आमचा मोत्या जामसरच्या वळणापर्यंत ट्रकमागे धावला. माझे दोन सोबती पाड्यावरच राहिले होते. त्यांनी मोत्याच्या पाळ्या लावल्या. आपल्या वाटच्या नागलीच्या भाकरीतला तुकडा एक दिवस एकाने द्यायचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. ज्याची पाळी झाली त्याने आमच्या कुडावर कोळशाने रेघ ओढायची. मोत्या खाई त्यांच्याकडे, पण निजे आमच्या बंद दारापुढे. पावसाच्या तोंडावर आम्ही परतलो तेव्हा तो हाडाचा सापळा झाला होता, पण जिवंत होता. कुडावर रेघाच रेघा होत्या. पुढे मी युनियनची पुष्कळ रजिस्टरे लिहिली. पहिले पाहिले ते हे.

दुसऱ्या वर्षी त्या दोघांच्या घरांनीही बयाणा घेतला. आम्ही परतलो तेव्हा कुडावर एकही नवी रेघ नव्हती, आणि मोत्याही नव्हता.

सोबत्यांची माया कमी पडली नाही. त्यांचीच दारे बंद झाली.

कुत्र्यासाठी माणसे एक होतात, हे काही कादंबरीतच घडते असे नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारली जात होती. दर कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळत, म्हणून घरची कुत्रीही धरली जाऊ लागली. पारशांनी दुकाने बंद केली, इतर जमातींचे लोकही त्यांना मिळाले, आणि कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली. दंगाही झाला, धरपकडही झाली. त्याचे मी समर्थन करीत नाही. पण मुंबईच्या आरंभीच्या हरताळांतला एक हरताळ मुक्या जनावरासाठी झाला, हे आम्हा कामगारांनी विसरू नये.

'लॅसी'चा शेवट गोड आहे. ड्यूक कुत्री ओळखूनही 'ही माझी नव्हे' म्हणतो आणि ज्योच्या बापाला नोकरी देतो. ड्यूक दयाळू निघाला म्हणून एक घर सावरले. पण त्या गावात बाप काय एकच होता?

आमच्याकडे ड्यूक नाही, आणि नसला तरी चालेल. काम हा हक्क आहे असे महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीच्या कायद्यात लिहिले. तो हक्क पाड्यापर्यंत, दिवाळीनंतरच्या महिन्यांत, वेळेवरच्या मजुरीसह पोचला तर ट्रक रिकामा परत जाईल.

आज ऐन वैशाखात आपण व्याख्यान ऐकत आहोत, आणि जव्हार-मोखाड्याच्या कित्येक घरांची दारे बंद आहेत. भट्टीवर सभासद नोंदवताना मी मुलांना विचारतो, "घरचा कुत्रा कोणाकडे ठेवलास?" मूल बापाकडे पाहते. बाप खाली पाहतो.

आपल्यातील कोणी लेखक असेल, तर त्याने या मुलांसाठी त्यांच्याच गावची कादंबरी लिहावी. तिच्यात नद्या-डोंगर, चोर-दरोडेखोर हवे तितके असोत. फक्त मोत्या का एकटा पडला, हे एक पान त्याने गाळू नये.